दुपारचं खाचर

तर गाडी दामूच्या अंगणात येऊन उभी राहिली, हिरूनं बैल सोडले, जुवाखाली लाकडाचं टेकण लावलं, तरी विठाबाई काही खाली उतरेना. अंगाभोवती गोधडी, मांडीवर बोचकं, बोचक्यावर दोन्ही हात आणि नजर कुंपणापलीकडच्या शेवग्यावर. नवख्याला वाटलं असतं, बाई एस.टी.ची वाट बघत बसलीय.

“आये, उतर ना,” दामू म्हणाला.

“नाय उतरत.”

“अगं, घर आलं तुझं.”

“कुणाचं?”

दामूनं मान खाजवली. म्हातारीनं नेमकं दुखतं तेच दाबलं होतं. दहिवलीतलं हे घर तिच्या नवऱ्यानं बांधलेलं. नवरा गेला आणि मुलांची वाटणी झाली. थोरला दामू शेतीवर दहिवलीतच राहिला, धाकटा कान्हा खालापूरच्या कचेरीत शिपाई होता, तो तिथंच खोली घेऊन राहिला. शेतं वाटली, भांडी वाटली आणि त्याच बैठकीत आईची पाळी ठरली. एक महिना दहिवली, एक महिना खालापूर. अमावास्या झाली की बोचकं बांधायचं. ओढ्याकाठचं एक खाचर म्हातारीच्या पोटाला म्हणून वाटणीबाहेर ठेवलं, त्याचं भात दोघा भावांनी निम्मं निम्मं न्यायचं. पंचांनी सुपारी फोडली आणि म्हणाले, असे मुलगे सगळ्यांना मिळोत. बरं, मुलगे खरोखरच वाईट नव्हते. वाईट असते तर गोष्ट सोपी झाली असती.

विठाबाईला एस.टी. लागायची. चौक गाव येईस्तोवर पोटातलं सगळं बाहेर. म्हणून गवताच्या वखारीची गाडी हाकणारा हिरू ठाकर तिला न्यायचा-आणायचा. जाताना पेंढ्यांवर उंच, येताना रिकाम्या गाडीत. सकाळी निघायचं, दिवस कलायच्या आत पोचायचं. असं दोन वर्षं बिनतक्रार चाललं आणि त्या दिवशी म्हातारी गाडीतच बसून राहिली.

“म्हातारे,” हिरू म्हणाला, “बैलास्नी पेंढी टाकायची हाय. तुला बी टाकू का एक?”

“टाक रं. भाकरीपरीस मऊ असंल.”

दामूची बायको सुंदरा तांब्या घेऊन दारात उभी होती, तिचा चेहरा पडला. एवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. शेजारची गोदा. नवरा नाही, मूल नाही, चार घरच्या शेतावर राबून खाणारी, आणि जीभ अशी की कोयता बरा. दामूच्या बापाच्या काळात एका बांधावरून भांडण झालं होतं, ते गोदानं अजून जपून ठेवलं होतं.

“काय गं विठे, गाडीतच बाळंत व्हायची हायेस का?”

विठाबाईनं मान फिरवली. “झाले तर सुईण म्हणून तुला नाय बोलवायची!”

हिरू हसला, दामू नाही हसला. तो वहाणा घालून ओढ्यापलीकडं गेला, भीमाबाईला बोलवायला.

आता ही भीमाबाई कोण, ते सांगायला हवं, कारण गोष्ट तिची आहे.

भीमाबाई दहिवलीच्या बौद्धवाडीतली. साल साठ-एकसष्ट असेल, तेव्हा ती चाळिशीला आलेली. नवरा बुधाजी रेल्वेच्या पटरीवर गँगमध्ये होता, तो लवकर गेला. एक मुलगा, आनंदा, शाळेत जाणारा. छप्पन्न सालानंतर वाडीनं देव नदीत सोडले आणि देवळाच्या जागी संध्याकाळचा वर्ग सुरू केला, तिथं भीमाबाई अक्षरं शिकली. वाचायची हळू. एकेक अक्षर खडीसारखं उचलून बघायची, मग पुढचं. दिवसा ती सरकारी दवाखान्यात आया होती.

दवाखान्यात तिनं एक गोष्ट पाहिली. पोर आजारी पडलं की त्याच्याबरोबर दहा माणसं येतात आणि बरं झालं की दहाच्या दहा घेऊन जातात. म्हातारं माणूस बरं झालं की न्यायला कुणीच येत नाही. उद्या येतो म्हणतात. मग डॉक्टर म्हणायचे, भीमाबाई, जरा यांना घरी पोचवून ये. ती पोचवायची. आणि पोचवल्यावर लगेच परतायची नाही. पडवीत टेकायची, घरच्यांशी बोलायची, मोरी कुठं आहे, उंबरा केवढा आहे, म्हातारा खाटेवरून उठला तर हाताला काय लागतं, सगळं बघायची. घरचे आधी चिडायचे, मग हळूच विचारायचे, “भीमाबाय, तूच सांग, काय करावं?” असं होता होता म्हातारं माणूस कुठं राहील, कोण बघेल, खर्चाचं कसं, हा गुंता झाला की कर्जतपासून खालापूरपर्यंतचे लोक तिलाच निरोप धाडायला लागले.

विचारणाऱ्याची सुरुवात बहुतेक एकाच वाक्यानं व्हायची. “म्हाताऱ्याला कुठं ठेवावं?” आणि तिचा जबाबही ठरलेला. “ठेवायला तो काय पाटा-वरवंटा हाय? कुठं ऱ्हाईल ते इचारा.”

तिची एक अट होती. ओटीवर बसून सांगणार नाही. मोरी बघायची, चूल बघायची, माणूस निजतं तो कोपरा बघायचा. म्हणजे घरात आत जायचं. त्या काळात ओढ्यापलीकडच्या बाईला कुणब्याच्या घरात आत घ्यायचं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. काही जण तिथूनच परत फिरायचे. ती कुणाच्या मागं लागायची नाही. पण आई पडवीत कण्हत असली की माणसाला कधी ना कधी दोन्हीतलं एक निवडावं लागतं, आणि बरेच जण भीमाबाईला आत घ्यायचे.

लोकांचा गुंता सोडवून ती संध्याकाळी घरी यायची, तेव्हा मात्र एक विचार दाराशीच बसलेला असायचा. ज्यांच्याकडं ती जायची, त्यांच्या नावावर निदान एखादं खाचर होतं, त्या जिवावर कुणी तरी बघायचं. तिच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. आपण थकलो की आपल्याला कोण, आणि कशाच्या बदल्यात? आनंदा अभ्यास करत असायचा, त्याच्याकडं बघून ती चूल पेटवायची आणि विचार उद्यावर टाकायची.

तर त्या दिवशी ती दामूबरोबर आली. गाडीकडं बघितलं, म्हातारीकडं बघितलं, आणि म्हणाली, “आदी घर बघते.”

दामूनं कुंपणाकडं बघितलं. सुंदरा जमिनीकडं बघायला लागली. कुंपणापलीकडून गोदा कडाडली, “दाम्या! मोरीपातुर नेतोस का तिला?”

गाडीतून विठाबाईच बोलली. “जाऊ दे तिला आत. मी भायेर, ती आत. बगू आबाळ कुठं पडतंय ते.”

आभाळ कुठं पडलं नाही. भीमाबाई आत गेली. मोरी कोरडी होती. उंबऱ्याला लागून एक सपाट दगड टाकला होता, म्हातारीचा पाय अडू नये म्हणून. निजायची जागा चुलीच्या उबेला, गोधडी धुतलेली. गाडग्यात तिच्यासाठी वेगळा मऊ भात. सगळं चांगलं होतं, आणि तेच भीमाबाईला खुपलं. वाईट असतं तर बोट ठेवता आलं असतं.

“सासूबाई दुपारी काय करतात?” तिनं सुंदराला विचारलं.

“झोपतात.”

“झोपतात, का पडतात?”

सुंदरानं कधी बघितलंच नव्हतं. सकाळी भाकरी थापून ती शेतावर जायची, ती दिवस बुडताना यायची. “पडतात,” ती हळूच म्हणाली. “आले की जाग्याच असतात.”

“बोलतात काय तुमच्याशी?”

“मी उलट नाय बोलत कधी, भीमाबाय. त्या जे म्हणतील त्याला हो म्हणते. हेबी हो म्हणतात. खालापूरला भावजी तर बोलायच्या आदीच हो म्हणतात.”

बाहेर येताना सुंदरानं वळचणीला खोचलेली कपबशी काढली, ओढ्यापलीकडच्या बायांसाठीच वेगळी ठेवलेली असायची ती, आणि चहा पुढं केला. भीमाबाई म्हणाली, “दवाखान्यात झाला.” झाला नव्हता.

ती हिरूकडं गेली. हिरू बैलांच्या पाठी चोळत होता.

“वाटंत काय करती रं म्हातारी?”

“शिव्या घालती,” हिरू खूश होऊन म्हणाला. “खालापूरचं शेवटचं घर मागं पडलं की सुरू. आज म्हणाली, हिऱ्या, तुझा डावा बैल माझ्या कान्ह्यावानी, वडतो कमी नि शेपूट हलवतो जास्ती.”

“मग तू?”

“मी म्हनलं, उजवा तुझ्यावानी. वडत बी नाय नि बसत बी नाय, नुसता फुसफुसतो. तर काठी उगारली माज्यावर. लई बेस जाती वाट!”

भीमाबाई गाडीच्या धुरीवर टेकली. विठाबाईनं तिच्याकडं बघितलं नाही, पण बोलायला लागली, शेवग्याला सांगितल्यासारखी.

“हितं आले की दामूची पाळी. तितं गेले की कान्ह्याची पाळी. दोगं बी बोटं मोजत्यात, मला कळत नाय व्हय? वंगाळ नाय गं पोरं. पन गाडीत कुनाचीच पाळी नसती, भीमा. गाडीत मी विठा असते.”

भीमाबाई उठली, ती थेट कुंपणाशी गेली. “गोदाबाई,” ती म्हणाली, “विठाबाई म्हणतात, तुमच्या शेवग्याला शेंगा धरत नायत त्या तुमच्याच नजरंनं. झाड भितं म्हणे तुमाला.”

विठाबाई यातलं अक्षर बोलली नव्हती.

गोदा जी निघाली, ती कुंपणाला वळसा घालायलाही थांबली नाही, फटीतूनच आली, लुगडं फाटलं त्याचं भान नाही. “माझी नजर? तुझ्या नवऱ्यानं बांध कोरला तवा कुठं गेलती तुझी नजर?” आणि विठाबाई गाडीतून उतरायला लागली. एक पाय चाकावर, एक हात हिरूच्या डोक्यावर, बोचकं दामूच्या अंगावर फेकलेलं. “माझ्या धन्याचं नाव घेतीस? ये, हितं ये, दाखवते तुला बांध!” आणि तशीच तावातावानं बोलत ती पडवीत जाऊन बसली, गोदा तिच्यासमोर. सुंदरानं दिवा लावला तरी दोघींचा बांध चालूच.

दामू म्हणाला, “भीमाबाय, ही काय युक्ती झाली? उद्या पुन्हा तेच.”

“उद्याचं उद्या. तुझ्या भावाला बोलाव.”

कान्हा रविवारी आला. कचेरीतला माणूस, शर्टाची इस्त्री कधी मोडायची नाही. त्यानं कुठून तरी ऐकून आणलं होतं, कल्याणकडं म्हाताऱ्यांसाठी एक आश्रम आहे. स्वच्छ, वेळेवर जेवण, डॉक्टर येतो. महिन्याचे पैसे भरायचे. “मी भरतो,” तो म्हणाला, “पगारातून. दादानं खाचराचं भात ठेवावं. पाळीचा घोळ तरी संपेल.” त्याच्या मनात पाप नव्हतं. आईचं हे बोचकं बांधणं-सोडणं त्यालाही बघवत नव्हतं.

भीमाबाईनं नाही म्हटलं नाही. म्हणाली, “बघून येते.” दवाखान्यातून सुट्टी घेतली आणि गेली. परत आली तेव्हा दोघे भाऊ ओटीवर वाट बघत होते.

“जागा चांगली हाय,” ती म्हणाली. “आपल्याकडं नाय अशी मोरी. भात ऊन. माणसं मायेची. पण पाटी वाईट हाय.”

“कसली पाटी?”

“दाराशीच हाय. मी अक्षर अक्षर लावून वाचली. दुपारी शांतता राखा. आनि राखतात हो! रांगेनं खाटा, खाटंवर माणसं, समदी छताकडं बघतायत. तुमच्या आईनं तितं तोंड उघडलं तर दुसऱ्या दिवशी परत धाडतील. आनि नाय उघडलं तर परत धाडायला उरायची नाय.”

पण ती पाटी तिनं मनातून टाकून दिली नाही, बरं का. पुढं चार-दोन वर्षांनी माथेरानला घोडे सांभाळलेला एक म्हातारा होता, नागू. पाच सुना आणि त्यांची पोरं, घरात कावळ्यांची शाळा. तो बिचारा कानात बोळे घालून शेताच्या मचाणावर राहायला गेला होता. त्याला भीमाबाईनंच त्या आश्रमात पोचवलं. पाटी वाचून दाखवली तर म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, हे देऊळच की. एकाच्या गळ्याचा फास तो दुसऱ्याचा विसावा, हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती कुठल्याच जागेला चांगली-वाईट म्हणायची नाही. कुणाची दुपार आहे, ते आधी बघायची.

“मग आमी करावं काय?” कान्हानं विचारलं.

“जेवायला समदेच घालतात,” भीमाबाई म्हणाली. “दुपार कोन घालतं? तुमी दोगं शेतावर नि कचेरीत. सुंदराबाई कामावर. म्हातारीच्या वाटनीत पोटाचं खाचर ठेवलंत, दुपारचं ठेवलं नाय. आता ठेवा. त्याच खाचराच्या मधून एक मेर घाला. एक भाग पोटाचा, एक दुपारचा. पोटाचं भात दामूकडं, कारन म्हातारी आता हितंच ऱ्हाईल, बोचकं बंद. दुपारचं भात, दुपार देईल तिला.”

“ती कोण?”

“गोदाबाई.”

दामू ओटीवरून उठलाच. “गोदा? तिचं नि आईचं उभं वैर!”

“म्हनून तर. तिला हो म्हनायला येत नाय.”

आईला आदर द्यायचा, उलट बोलायचं नाही, हे बापानं शिकवलं होतं, ते दोघांनी इमानानं पाळलं होतं. त्या आदरानं आई एकटी पडेल, हे कुणी शिकवलंच नव्हतं.

मग कान्हानं मनातलं काढलं. आवाज बारीक झाला. “भीमाबाई, पाळी सोडली तर लोक म्हणतील, कान्ह्यानं आई टाकली.”

“तुझी पाळी सुटत नाय. औषध तुझं, मिश्री तुझी, दर रविवारी येनं तुझं. आनि आल्यावर तिच्याशी निदान एक वाद घालायचा.”

“मी? आईशी?”

“तूच.”

आता गोदाला कोण सांगणार? भीमाबाईच गेली. गोदा दारात भात पाखडत होती, तिनं सूप थांबवलं नाही.

“तिच्यासंगं बसायला मी काय मजूर हाय?”

“बसायला कोन सांगतंय? भांडायला जा. तशा बी जाताच.”

“मग भात कशाला? भांडण का कुनी इकत घेतं?”

“गोदाबाई, फुकट मागितलं तर चार दिस याल. पाचव्या दिशी कुनाच्या शेतावर मजुरी मिळंल, तिकडं जाल, नि चूक नाय तुमची, पोट हाय. भात ठेवलं की दुपार तुमची. कुनाचे उपकार नायत, कुनाची लाज नाय.”

सूप थांबलं. “नि तिनं मला दारातनं हाकललं तर?”

“तर भात बसल्या जागी मिळंल. हाकलनार नाय ती, भातासाठी तरी.”

हे मात्र गोदाला पटलं. विठीला खाचराचं भात सुखासुखी पचू द्यायचं नाही, एवढ्यासाठी ती दुसऱ्या दिवसापासून येऊ लागली. जेवण झालं की कुंपणाच्या फटीतून यायची आणि पडवीच्या खांबाला पाठ लावायची. बांध, शेवगा, कुणाच्या लग्नात कुणी किती लाडू चोरले, कुणाची कोंबडी कुणाच्या पोटात गेली, विषयांना तोटा नव्हता. विठाबाईला दोन घास जास्त जायला लागले. बोलायला जोर लागतो ना. कान्हा रविवारी यायचा, मिश्रीची पुडी पुढं करायचा आणि म्हणायचा, “आई, तुझं… तुझं जरा चुकतंय.” विठाबाई कानामागं हात धरून विचारायची, “काय म्हनलास? मोठ्यानं म्हन.” ते ऐकायला गोदा मुद्दाम थांबायची.

ही गोष्ट हिरूच्या गाडीबरोबर रस्त्याला लागली. चौकापर्यंत, खालापूरपर्यंत. म्हाताऱ्यांची वाटणी बसली की लोक म्हणायला लागले, दुपारचं खाचर काढलंत का? ज्यांच्याकडं जमीन नव्हती, ते आंब्याचं एक झाड काढून द्यायचे, शेळीचं एक पिल्लू. एका वाण्यानं चहा-साखर लावून दिली होती. द्यायचं ते फार मोठं नसायचं, पण काढून ठेवलेलं असायचं. दुपार देणारा ताठ मानेनं यायचा. असं चाललं. काही ठिकाणी फसलंही. एका घरी दुपार द्यायला ठेवलेली बाई म्हातारीच्या आधी झोपी जायची. भीमाबाई म्हणाली, “मग म्हातारीलाच द्या ते भात, राखण तीच करती.”

विठाबाई गेली तेव्हा गोदा तिच्या उशाशीच होती. शेवटचं बोलणं काय झालं ते गोदा सांगायची. विठा म्हणाली, “बांध तुझाच होता गं.” आणि गोदा तेव्हापासून चिडून होती. “मेली हरून गेली. आता भांडू कुनाशी?”

दामूनं तिला खाचर आणखी काही वर्षं करू दिलं. पण गोदा दुपारी खांबाला पाठ लावून बसायची ती नुसतीच. मग ती एक दिवस उठली आणि ओढा ओलांडून पलीकडं गेली. तिला पलीकडं जाताना दहिवलीनं त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

भीमाबाई तेव्हा दवाखान्यातून निवृत्त झाली होती. गुडघे धरले होते. लोक अजून येत, पण आता लोकांनाच तिच्याकडं यावं लागे. आनंदा खोपोलीच्या कारखान्यात लागला होता, त्याला क्वार्टर मिळालं होतं. नवराबायको दोघं नोकरीला, पोरं शाळेत. दर सुट्टीला तो यायचा आणि म्हणायचा, “आई, चल.” ती म्हणायची, “बघू.” जिनं उभ्या तालुक्याची म्हातारपणं लावून दिली, तिला आपलं लावता येत नव्हतं. क्वार्टरला ती एकदा जाऊन बघून आली होती. मोरी चांगली. दुपारी सगळं बंद, समोरच्या दाराला कुलूप, बाजूच्या दाराला कुलूप. पाटी नव्हती एवढंच. आणि इथं वाडीत राहावं तर द्यायला काय होतं? ना खाचर, ना आंबा.

गोदा पहिल्यांदा आली ती दारातच उभी राहिली. “भीमे, ती शेवग्याची गोष्ट. विठी तसं बोललीच नव्हती ना?”

“नाय.”

“मला वाटलंच. खोटारडे!”

आणि उंबऱ्याबाहेर पायरीवर बसली. त्यानंतर रोज यायची. बसायची पायरीवर, बोलायची आतल्या माणसाला ऐकू जाईल असं. भीमाबाई चहा करायची, विचारायची. गोदा म्हणायची, “आत्ताच झाला.” भीमाबाई ते वाक्य ओळखून होती. तिनंही ते आयुष्यभर वापरलं होतं. आपला कप आपण प्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन कपांचं आधण ठेवायची.

पंच्याऐंशी साल असेल. गुडघे फारच धरले, तसा आनंदा एका शनिवारी टेंपो घेऊनच आला. बायकोनं खाट लावून ठेवली होती, पोरांनी आजीसाठी भिंतीवर चित्रं चिकटवली होती. त्यानं ट्रंक टेंपोत चढवली, मग गोधड्या, मग भिंतीवरची तसबीर कापडात गुंडाळून. आत गेला तर चुलीपाशी दोन कप पालथे घातलेले, धुतलेले. त्याला त्यातलं काही कळलं नाही. गोदा त्या दिवशी आली नव्हती. टेंपो वाडीत शिरताना तिनं बघितला असणार.

भीमाबाई उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर बोचकं. आनंदानं टेंपोचं फळकं उघडलं, हात पुढं केला. तिनं हात धरला नाही.

“आई, आता काय राहिलं?” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “तूच लोकांना सांगतेस ना, म्हाताऱ्यालाच इचारा कुठं ऱ्हाईल म्हणून? घे, मी इचारतो. माझ्याकडं यायचं, का हितं ऱ्हायाचं? हितं ऱ्हायलीस तर दुपार कोण देईल तुला? आनि त्याच्या बदल्यात आपण देनार काय, सांग. आपल्याकडं खाचर तरी हाय का?”

भीमाबाईनं बोचकं मांडीवरून खाली ठेवलं, ओढ्याकडं बघितलं आणि म्हणाली:

“आनंदा, काल गोदी माझ्या चहाला म्हनाली, हा चा हाय का भाताची पेज. प्याली रं ती, सगळा कप प्याली, मग नावं ठेवून गेली. ट्रंक उतरव. तिला उत्तर द्यायचं ऱ्हायलंय माझं.”